कोल्हापूरचा पाऊस, अंदाज आणि पंचगंगेची पातळी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की गल्लीतल्या ग्रुपवर, तालमीत, दूध संस्थेच्या कट्ट्यावर तेच तेच प्रश्न सुरू होतात आणि जुलैच्या शेवटी पाणी चढायला लागलं की रात्री दोनला पण फोन येतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: कोल्हापूर शहरात पूर येतो तो शहरातल्या पावसानं नाही, घाटातल्या पावसानं येतो. खिडकीतून बाहेर बघून नदीचा अंदाज करायचा नाही.

इथं दिवसभर ऊन पडलंय, मग नदी कशी काय वाढतीय?

कारण पंचगंगेचं पाणी इथं पडतच नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या पट्ट्यातून येतात (पाचवी गुप्त सरस्वती मानतात) आणि प्रयाग चिखलीला एकत्र होऊन पुढं पंचगंगा म्हणून शहराला वळसा घालतात. म्हणजे काल रात्री गगनबावड्यात जे कोसळलं ते आज तुमच्याकडं येणार, मग इथं रंकाळ्यावर लोक भेळ खात बसलेले असले तरी. म्हणून सकाळी उठल्यावर पहिल्यांदा शहराचा आकडा बघू नका, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीचा आकडा बघा. हे तीन आकडे सलग दोन-तीन दिवस तीन अंकी दिसले आणि धरणं आधीच भरत आलेली असली की सामान वर ठेवायच्या तयारीला लागायचं.

गगनबावड्याला एवढा धो धो आणि शिरोळला पिकाला पण पुरत नाही, जिल्हा तर एकच आहे की?

जिल्हा एक आहे पण डोंगराच्या दोन बाजू आहेत. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पानं भरलेले पश्चिमेचे वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, वर गेल्यावर हवा थंड होते आणि सगळं ओझं घाटमाथ्यावरच उतरतं. तीच हवा पूर्वेला खाली उतरताना परत गरम आणि कोरडी होत जाते, त्याला पर्जन्यछाया म्हणतात. गगनबावड्याचा वर्षाचा पाऊस पाच-सहा हजार मिमीच्या घरात जातो आणि शिरोळ, हातकणंगले पाचशे-सहाशेच्या आसपास. गगनबावडा ते कोल्हापूर गाडीनं दीड तास सुद्धा लागत नाही, पण पावसाच्या हिशोबानं तो वेगळाच मुलूख आहे.

यामुळं "कोल्हापूर जिल्ह्यात सरासरीच्या एवढे टक्के पाऊस" या बातमीला मी फार किंमत देत नाही. गगनबावडा, चंदगड, आजऱ्याचे आकडे सरासरीला एवढे वर ओढतात की कागल-शिरोळकडं दुबार पेरणीची वेळ आली तरी जिल्हा कागदावर मजेत दिसतो. तालुक्याचा, जमलं तर महसूल मंडळाचा (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा) आकडा मागा, तो मिळतो. महावेध प्रकल्पात राज्यात दोन हजारांच्या वर स्वयंचलित हवामान केंद्रं मंडळनिहाय बसवलीत.

"आज ८५ मिमी पाऊस" म्हणजे नेमका कधीचा?

काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ. देशभर हीच वेळ आहे. त्यामुळं आज दुपारी कितीही धुवाँधार झाला तरी तो उद्याच्या आकड्यात येणार आणि "पेपरात तर एवढाच दिलाय" असं वाटणार.

मिमी म्हणजे काय तर पडलेलं पाणी कुठं वाहून गेलं नाही, मुरलं नाही, उडून गेलं नाही तर जमिनीवर जेवढ्या उंचीचा थर साचेल तेवढं. १ मिमी म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर. एकराला हिशोब केला तर १ मिमीला ४,००० लिटरच्या थोडं वर. आता ८५ मिमीचा हिशोब करा, एका एकरावर साडेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी, आणि कुंभी-कासारीच्या खोऱ्यात असे किती एकर आहेत ते बघा, म्हणजे नदी का फुगते ते कुणी सांगायला लागत नाही.

आणि भाषा पण ठरलेली आहे. चोवीस तासात ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. महसूल आणि कृषी खातं पंचनाम्यासाठी मंडळात ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतं. बातमीतला "धुंवाधार", "तुफान", "रेकॉर्डब्रेक" सोडून द्या, आकडा बघा.

घरी पाऊस मोजता येतो का, का मशीन पाहिजे?

येतो की, आणि मी तर म्हणतो प्रत्येक गावात चार घरांनी मोजावाच. सरळ उभ्या भिंतीचं भांडं घ्या, वरपासून खालपर्यंत तोंडाची रुंदी सारखी पाहिजे. पट्टी लावून पाण्याची उंची मोजा, तेच मिमी. बाटलीवर नरसाळं लावणार असाल तर हिशोब बदलतो: नरसाळ्याचा व्यास २० सेंमी आणि बाटलीचा १० सेंमी असेल तर क्षेत्रफळ चौपट झालं, म्हणून बाटलीत आलेल्या उंचीला ४ नं भागायचं. हे बरेच जण विसरतात आणि मग "आमच्या शेतात ४०० मिमी झाला" असे फोटो फिरतात.

जागा महत्त्वाची. गच्चीच्या कठड्याला चिकटून नको, झाडाखाली तर अजिबात नको. भिंत १० फूट उंच असेल तर भांडं तिच्यापासून निदान २० फूट लांब. तोंड जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे शिंतोडे आत येत नाहीत. रोज साडेआठला वाचा, पाण्याची कड काचेला वर चढलेली दिसते ती धरायची नाही, मधला खोलगट भाग डोळ्याच्या रेषेत आणून तो आकडा घ्यायचा, वहीत लिहायचा, भांडं पालथं करून परत ठेवायचं. पाऊस नसेल त्या दिवशी पण शून्य लिहा. रिकामी जागा सोडली की चार महिन्यांनी कळत नाही पाऊस नव्हता का तुम्ही गावाला गेला होता.

यलो, ऑरेंज, रेड यात घाबरायचं कधी?

हिरवा म्हणजे काही इशारा नाही, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. रंग हा किती मिमी पडणार एवढ्यावरच ठरत नाही, त्यानं काय नुकसान होऊ शकतं हे पण त्यात धरलेलं असतं.

आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे हवामान खातं आता "कोल्हापूर" आणि "कोल्हापूर घाट" असा इशारा वेगवेगळा देतं. बातमीत किंवा फॉरवर्डमध्ये बऱ्याचदा हे एकत्र करून "कोल्हापूरला रेड अलर्ट" असं छापतात. मूळ बुलेटिन उघडून बघा घाटाला आहे का सगळ्या जिल्ह्याला. घाटाला रेड असेल तर शहरात कदाचित पावसाळी जाकीट पण लागणार नाही, पण चिखली-आंबेवाडीच्या लोकांनी जनावरं हलवायचा विचार त्याच दिवशी करायला पाहिजे.

ऑरेंज अलर्ट होता, शाळेला सुट्टी दिली, आणि थेंब नाही पडला. मग अंदाज चुकलाच ना?

चुकतो कधीकधी, पण असं म्हणायच्या आधी वाक्य पूर्ण वाचा. "तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार" यातला "तुरळक ठिकाणी" हा शब्द उगाच टाकलेला नसतो. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे पन्नासपर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पंच्याहत्तरपर्यंत, आणि बहुतांश ठिकाणी म्हणजे त्याच्या वर. म्हणजे तुरळक म्हटल्यावर चारातल्या तीन जागा कोरड्या राहिल्या तरी अंदाज बरोबरच धरला जातो. राजारामपुरीत ऊन होतं पण त्या दिवशी दाजीपूरला, गगनबावड्याला किती झाला ते दुसऱ्या दिवशी साडेआठनंतर तपासा आणि मग बोला.

तरी पण सुट्टी शहराला का, हा प्रश्न रास्त आहे. इशारे अजून तालुक्याच्या पातळीवर यायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, कारण चार वेळा कोरडं गेलं की पाचव्या वेळी लोक ऐकत नाहीत आणि पाणी येतं ते पाचव्याच वेळी.

किती दिवसांचा अंदाज खरा मानायचा?

पुढच्या तीन तासांसाठी तात्काळ इशारा असतो, तो रडार आणि उपग्रहावर बघून देतात, त्याच्यावर भरवसा ठेवा. पुढचे दोन-तीन दिवस चांगले, पाचव्या दिवसापर्यंत कल कळतो. त्यापुढं "अमुक तारखेला दुपारी पाऊस" असं कुणी सांगत असेल तर सोडून द्या. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो, त्यातनं एवढंच घ्यायचं की येणारे आठवडे नेहमीपेक्षा ओले का कोरडे. लावणीचं, खताचं नियोजन करायला तेवढं पुष्कळ आहे.

अंदाज सुधारतायत हे पण खरं आहे. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. असं संगणकाचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून अंदाज काढतं, हिची जाळी ६ किमीची आहे, आधीची १२ किमीची होती. कोल्हापूर ते गगनबावडा सरळ रेषेत साधारण ४७ किमी, म्हणजे आधी या सगळ्या उतारात मॉडेलला चारच चौकोन मिळायचे, आता आठ मिळतात. डोंगराचा उभा कडा चार चौकोनांत बसवला की तो सपाट टेकाड होतो आणि पाऊस पण पसरट दिसतो, म्हणून घाटाचा आकडा कमी यायचा आणि पूर्वेचा जास्त. आठ चौकोन पण कमीच आहेत पण फरक पडतो.

"यंदा १०६ टक्के पाऊस" याचा आपल्याला काय उपयोग?

थेट असा फार नाही. तो आकडा सगळ्या देशाचा, जून ते सप्टेंबर चार महिन्यांचा असतो. देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंमी आहे, त्याच्या ९६ ते १०४ टक्क्यात पडला की सामान्य. २०२५ साठी एप्रिलमध्ये १०५ टक्के म्हटलेलं, मे अखेरीला १०६ केलं, प्रत्यक्षात १०८ च्या आसपास झाला, म्हणजे अंदाज चांगलाच उतरला. पण चार महिन्यांचा पाऊस कसा पडणार ते त्यात नसतं. आपल्याला मारतं ते पडण्याची पद्धत: जून कोरडा, जुलैच्या शेवटी आठ दिवसांत सगळा. टक्केवारीत ते वर्ष एकदम छान दिसतं.

एल निनो आला म्हणजे दुष्काळ पक्का का?

एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गरम होणं. दुष्काळ पक्का नाही, शक्यता वाढते. १९९७ ला मोठा एल निनो होता आणि देशात पाऊस १०२ टक्के झाला. २०२३ ला एल निनो होता आणि ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला. हिंद महासागराच्या दोन टोकांच्या तापमानात फरक असतो, त्याला आयओडी म्हणतात, तो आपल्या बाजूनं असला तर एल निनोचा मार थोडा कमी होऊ शकतो. आपल्या घाटाला तर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि किनाऱ्यालगत द्रोणीय (म्हणजे कमी दाबाचा लांबट) पट्टा असला की पश्चिमेचे वारे जोर धरतात आणि पाऊस येतो, मग वर्ष कुठलंही असो. बातमीत "कर्नाटक ते गुजरात किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा" असं वाक्य दिसलं की कान टवकारायचे.

कुठलं ॲप चांगलं? आणि रडारवर काहीच दिसत नाही तरी पाऊस पडतोय, असं कसं?

मौसम हे हवामान खात्याचं, शेतीसाठी मेघदूत, विजेसाठी दामिनी, आपत्तीचे इशारे यायला सचेत. एवढे पुरेत. वळवाच्या दिवसात रानात जाणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये दामिनी पाहिजेच पाहिजे. फोनमध्ये आधीपासून असलेल्या हवामानाच्या चित्रावर शेतीचे निर्णय घेऊ नका.

रडारचं असं आहे की आपल्याला जवळचं म्हणजे गोव्याचं, पणजी इथून सरळ रेषेत १४० किमीच्या आसपास. रडारची किरणं सरळ जातात, जमीन वाकडी आहे, त्यामुळं इथवर येईपर्यंत ती अडीच किमीच्या आसपास उंचीवर असतात. आणि मोसमी पावसाचे घाटातले ढग बऱ्याचदा बुटके, सगळा खेळ त्या उंचीच्या खालीच चाललेला. म्हणून स्क्रीन कोरडी आणि मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी असं होतं. मे महिन्यातला वळवाचा ढग दहा-बारा किमी उंच जातो, तो रडारवर लालभडक दिसतो. जुलैमध्ये रडारपेक्षा पर्जन्यमापकाचा आकडा खरा.

नक्षत्र आणि वाहन बघून पाऊस सांगतात त्यात काय तथ्य?

मृग, आर्द्रा, तरणा (पुनर्वसू), म्हातारा (पुष्य) ही सगळी नावं शेतकऱ्याचं कॅलेंडर आहे आणि वर्षभराची कामं त्याच्यावर बसवलेली आहेत, ते फार मोलाचं आहे. आमच्याकडं अजून "तरण्या पावसात लावण उरकली" असंच बोलतात. पण यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक आहे का म्हैस आहे हे पंचांगाच्या गणितानं निघतं, त्यात वारं, समुद्राचं तापमान, दाब काही येत नाही. कामाची वेळ नक्षत्रावरून धरा, पाऊस किती पडणार ते बुलेटिनवरून.

मे मध्येच पाऊस झाला, पेरणी करू का?

वळीव आणि मोसमी पाऊस वेगळे. वळीव दुपारनंतर, गडगडाटासह, बहुतेक वेळा पूर्वेकडनं येतो, पाऊण तासात नाले भरतो आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन. मोसमी पाऊस पश्चिमेकडनं रिपरिप लावतो. २०२५ ला केरळात २४ मे ला आणि मुंबईत २६ मे ला मान्सून आला, एरवी केरळात १ जून आणि मुंबईत ११ जून धरतात, तेव्हा लवकर आला म्हणून सगळे खूश होते पण इथं मशागतीला वाफसाच मिळेना. पश्चिम भागात धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत) पेरणी करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. सोयाबीन, भुईमुगासाठी ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खाली गेल्याशिवाय पेरू नका, कृषी खातं पण हेच सांगतं.

३९ फूट, ४३ फूट म्हणजे काय? आमच्या घरात पाणी कधी येणार ते सांगा.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पट्टीची ती पातळी. ३९ इशारा पातळी, ४३ धोका पातळी. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता. २०२४ च्या जुलैमध्ये पण धोका पातळी ओलांडली.

पातळीपेक्षा वेग बघा. दर तासाला किती इंच चढतंय ते लिहून ठेवा. पात्रात असताना पाणी भराभर वाढतं, एकदा पात्राबाहेर पडून ऊसात पसरलं की तासाला इंच-दोन इंच, आणि लोकांना वाटतं जोर कमी झाला. जोर कमी झालेला नसतो, पाण्याला जागा जास्त मिळालेली असते. वेग कमी आणि घाटात पाऊस चालू म्हणजे वाढ थांबलेली नाही.

तुमच्या दारात किती फुटाला पाणी येतं हे तुम्हीच शोधून ठेवायचं काम आहे. २०१९ आणि २०२१ ची भिंतीवरची ओल, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांची आठवण, त्या दिवशीचा बंधाऱ्याचा आकडा, तिन्ही जुळवा. सुतारवाड्याचा आकडा वेगळा, शाहूपुरी कुंभार गल्लीचा वेगळा, व्हीनस कॉर्नरचा वेगळा. तो आकडा मीटरच्या पेटीवर खडूनं लिहा.

राधानगरीचे दरवाजे उघडले की पूर येतो ना?

राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. एका दरवाज्यातनं १,४२८ क्युसेक, सगळे सात उघडले तर १०,००० क्युसेकच्या आसपास. क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हे पाणी नक्कीच भर घालतं पण धरणाच्या खाली जो मोकळा मुलूख आहे आणि कुंभी-कासारीकडनं जे येतं ते कुठल्याच दरवाज्यात अडत नाही. दरवाजा उघडल्याचा व्हिडिओ दिसला म्हणून घाबरू नका, किती दरवाजे, आधीची पातळी किती आणि घाटात पाऊस चालू आहे का हे तिन्ही विचारा.

आणि अलमट्टी?

कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळं इकडं पूर येतो का, यावर भांडणं फार होतात. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला त्या पुराचं कारण धरलं नव्हतं, तरी सांगली-शिरोळकडं वाद मिटलेला नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की दोन्ही राज्यांचा विसर्ग आणि पाणीपातळी दर तासाला लोकांसमोर एकत्र यायला पाहिजे, मग वाद आकड्यांवर होईल.

"उद्या रात्री कोल्हापुरात ढगफुटी" असा मेसेज आलाय, खरा का?

खोटा. ढगफुटी म्हणजे छोट्या भागात तासाभरात १०० मिमीच्या आसपास पाऊस, आणि तो नेमका कुठल्या गावावर पडणार हे एक दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. तसंच "धरण फुटलं" चा मेसेज दर पुरात येतो. पुढं पाठवू नका, जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करून विचारा.

पाऊस थांबून दोन दिवस झाले, पाणी का उतरत नाही? घरी कधी जायचं?

पंचगंगा पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेला जायला वाट मिळत नाही, पाण्याला फूग येते आणि ते मागं साचून राहतं. २०२१ ला २२-२३ जुलैला महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिमीच्या वर पाऊस झाला, ते सगळं पाणी कोयना-कृष्णेतनं खाली आलं आणि आपलं पाणी अडकलं. म्हणून उतरतानाचा अंदाज करायला गगनबावड्याच्या जोडीला कोयनेचा विसर्ग आणि सांगलीत आयर्विन पुलाची पातळी बघायची. दोन्ही खाली यायला लागल्या की इथं पण सुटतं, ते पण फुटानं नाही, इंचाइंचानं.

पट्टीवर पाणी तुमच्या दाराच्या आकड्याच्या दोन-तीन फूट खाली गेलं, सलग बारा तास उतरत राहिलं आणि घाटात नवीन इशारा नसला तरच परता. आत जाण्याआधी मेन स्विच बंद आहे का बघा, चिखल ओला असतानाच काढा, आणि फरशीखाली, माळ्यावर काठी फिरवल्याशिवाय हात घालू नका, पुरात साप वर चढून बसलेले असतात.